रोज ऑफिसला... ३७४ घोड्यांवरून!

सुपरफास्ट लक्झरी सेडान पोस्टरवर झकास दिसते. पण तीच गाडी रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये न्यायची म्हटली तर? तीन आठवडे, एक उसनी गाडी आणि घरातल्या सगळ्यांना पडलेला एक प्रश्न...

चावी हातात देताना दादाने तीन अटी घातल्या. एक, गाडीत वडापाव खायचा नाही. दोन, स्पोर्ट प्लस मोडला हात लावायचा नाही. आणि तीन, मी परत आलो की खरं खरं सांगायचं, ठेवू का विकू?

दुसरी अट मी पहिल्याच दिवशी मोडली. पहिली चौथ्या दिवशी. तिसरीसाठी हा लेख!

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वय ३६, हिंजवडीत आयटीमध्ये. २०२३ च्या दिवाळीत, पाडव्याच्या मुहूर्तावर त्याने बीएमडब्ल्यू एम३४०आय घेतली. शोरूममध्ये मखमली कापड ओढून गाडीचं दर्शन, चार चाकांखाली चार लिंबं, नारळ, पेढे, सगळं साग्रसंगीत. आणि साधारण दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, कंपनीने त्याला तीन आठवड्यांसाठी पाठवलं कुठे? म्युनिकला! म्हणजे खुद्द बीएमडब्ल्यूच्या गावी. तिथे तो मेट्रोने फिरणार आणि त्याची गाडी इथे मी फिरवणार. "उभी ठेवली तर बॅटरी बसेल. रोज वहिनीला ऑफिसला सोड आणि घेऊन ये," एवढंच काम. मी फ्रीलान्सर. म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत 'रिकामीच असते ना ती!'

एक कबुली आधीच देऊन टाकते. माझी रोजची गाडी अ‍ॅक्टिव्हा आहे. चारचाकी चालवता येते, पण ती बाबांची जुनी हॅचबॅक. तिला चढावर पहिल्या गिअरमध्ये टाकून 'चल ग बाई' म्हणावं लागतं.

आता थोडं टेक्निकल, पण फार नाही. ही एम३४०आय मार्च २०२१ मध्ये भारतात आली. चेन्नईच्या प्लँटमध्ये जुळणी होणारी बीएमडब्ल्यूची ही पहिली 'एम परफॉर्मन्स' गाडी. तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन. ताकद ३७४ हॉर्सपॉवर, टॉर्क ५०० न्यूटन मीटर, आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आणि चारही चाकांना ताकद. शून्यापासून शंभरपर्यंत ४.४ सेकंद. आणि दिसायला? दिसायला चक्क साधी! भडक पट्टे नाहीत. ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार सेडानच्या रांगेत पाचवी म्हणून खपून जाईल. जाणकार तेवढा वळून बघतो.

खरं तर या जातीच्या गाड्यांची सगळी गंमत यातच आहे. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन सीटा, जमिनीला टेकलेलं पोट आणि डिकीत जेमतेम एक बॅग. पण १९६८ मध्ये मर्सिडीजने एक खोडसाळपणा केला. आपल्या अवाढव्य '६००' लिमोझिनचं ६.३ लिटरचं व्ही-८ इंजिन उचललं आणि गंभीर चेहऱ्याच्या '३०० एसईएल' सेडानमध्ये बसवलं. मागच्या सीटवर साहेब पेपर वाचतायत आणि पुढे ड्रायव्हर भल्या भल्या स्पोर्ट्स कारना मागे टाकतोय, असा प्रकार! मग १९८५ च्या सुमाराला बीएमडब्ल्यूने एम५ काढली. तिच्यात एम१ या सुपरकारच्या इंजिनाची पुढची आवृत्ती होती, २८६ हॉर्सपॉवरची. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी भाजी, रविवारी रेस ट्रॅक, आणि हे सगळं एकाच गाडीत. फंडा तेव्हापासून हाच आहे.

फक्त तो फंडा जर्मनीत ठरला. कोथरूड ते हिंजवडी या रस्त्यावर नाही!

चांदणी चौक ते भूमकर चौक

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला निघालो. वहिनी शेजारी, लॅपटॉप मांडीवर. चांदणी चौकापर्यंत सगळं छान. तिथून हायवेला लागलं की मोकळा पट्टा मिळेल अशी माझी भाबडी समजूत. मिळाला, साधारण चारशे मीटर. मी हळूच मोडचं बटण दाबलं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला आणि... मंडळी, काय सांगू! पाठ सीटला चिकटली. पोटात झोपाळ्यावर येतो तसा गोळा. लॅपटॉप वहिनीच्या छातीवर. पुढच्या ट्रकचं 'हॉर्न ओके प्लीज' एकदम वाचता येईल एवढं मोठं झालं आणि मी ब्रेक मारला.

"झालं समाधान?" वहिनी म्हणाली. "आता पुढचा एक तास हेच बघायचंय." आणि तिने समोरच्या पीएमपीच्या मागच्या काचेकडे बोट दाखवलं.

वाकडच्या पुलापासून पुढे ३७४ घोडे पायी चालतात. तुमच्या उजवीकडे डिलिव्हरी बॉय, डावीकडे सहा सीटर, आणि दोघांचेही आरसे तुमच्या आरशापासून बोटभर अंतरावर. गंमत म्हणजे गाडीची यात काही तक्रार नाही. ऑटोमॅटिक असल्याने क्लचचा पाय दुखत नाही, एसी गार, म्युझिक सिस्टीम सॉल्लिड, आणि हळू चालवली तर अगदी शहाण्या बाळासारखी वागते. इतक्या ताकदीची गाडी ट्रॅफिकमध्ये झटके देत असेल, असं मला वाटायचं. अजिबात नाही. तक्रार असते ती माणसाची. सतत मनात मोजमाप चालू, हा बाइकवाला घासणार का? तो टेम्पो मागे सरकणार का? घरी आल्यावर पाय नाही, मान दुखते.

जुन्या सोसायटीतलं पार्किंग हा आणखी एक सोहळा. गेटपासून दादाच्या जागेपर्यंतची बोळ इतकी अरुंद, की वॉचमन काका दोन्ही हात पसरून 'येऊ द्या, येऊ द्या' करत मागे चालतात. पण इथे गाडीने मला वाचवलं. तिच्यात एक सोय आहे. हळू वेगात आत शिरलेले शेवटचे पन्नास मीटर ती लक्षात ठेवते आणि रिव्हर्स घेताना त्याच वाटेने स्टिअरिंग आपोआप वळवत बाहेर येते. पहिल्यांदा स्टिअरिंग स्वतःहून फिरताना बघून वॉचमन काकांनी हात जोडले. ३७४ हॉर्सपॉवरचं कौतुक सोडा, रोजच्या वापरात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही!

"मॅडम, अ‍ॅव्हरेज किती देते?"

हा प्रश्न तीन आठवड्यांत मला किमान पंधरा वेळा विचारला गेला. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, लिफ्ट मागणाऱ्या कॉलेजच्या पोरांकडून. (त्याच्या खालोखाल 'गाडी साहेबांची का?' हा प्रश्न. त्याचं उत्तर मी रोज वेगळं दिलं.)

तर, अ‍ॅव्हरेज. हिंजवडीला जाऊन-येऊन सहा ते साडेसहा. एक्स्प्रेस वेवर शहाण्यासारखी चालवली तर बारा-तेरा. टाकी ५९ लिटरची. म्हणजे फुल्ल टाकी ऑफिसच्या रुटीनमध्ये साडेतीनशे किलोमीटरला संपते. पेट्रोल शंभरीच्या पुढे, आता तुम्हीच गुणाकार करा.

शिवाय कुठलंही पेट्रोल चालत नाही. टर्बो इंजिनात हवा दाबून भरलेली असते. पेट्रोलचा ऑक्टेन कमी असेल तर ते ठिणगी पडण्याआधीच किंवा भलत्या वेळी पेटतं. जुने मेकॅनिक याला 'इंजिन नॉकिंग करतंय' म्हणतात. आजकालच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचतं, पण ज्या ताकदीसाठी आपण पैसे मोजले ती थोडी गायब होते. म्हणून ९५ ऑक्टेनचं प्रीमियम. काही शौकीन मंडळी तर इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं 'एक्सपी१००' भरतात. ते डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत सुरू झालं त्यात मुंबई-पुणे दोन्ही होती. किंमत साध्याच्या दीडपटीच्या आसपास. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून या मंडळींच्या गप्पांत क्रिकेटपेक्षा ऑक्टेन जास्त असतं. दादाही त्यातलाच. त्याने मला पंपांची यादी करून दिली होती, आवडत्या क्रमाने!

आणि मग अकराव्या दिवशी तो खड्डा आला.

परतीचा पाऊस पडून गेलेला. बाणेरकडच्या एका अर्धवट खोदलेल्या रस्त्यावर डबकं दिसलं. मला वाटलं, दोन इंच पाणी असेल. होता सहा इंचांचा खड्डा. धाड्कन आवाज आला तो थेट माझ्या बँक बॅलन्सवर. गाडी थांबली नाही, कारण तिला रन-फ्लॅट टायर. म्हणजे बाजूची भिंत इतकी कडक, की हवा गेली तरी साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. पण कडक आहे म्हणूनच खड्ड्याचा मार ती गिळत नाही. टायरवाल्याने बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, फुगा आलाय. हा चालणार नाही." साध्या टायरचे भाव ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला बिल ऐकून खाली बसावं लागलं. एक टायर, पंचवीस हजारांच्या पुढे! वर पुढच्या आणि मागच्या टायरांचं माप वेगळं, म्हणजे पुढचे मागे टाकून थोडे दिवस काढू, ही आपली मध्यमवर्गीय युक्तीही बाद.

तेव्हापासून मी स्पीडब्रेकर तिरका घ्यायला शिकले. एक चाक, मग दुसरं चाक, बैलगाडीसारखं. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. आणि एक सल्ला फुकट, अशी गाडी घेणार असाल तर इन्शुरन्समध्ये टायर कव्हर आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही घ्याच. पावसाळ्यात इंजिनात पाणी शिरलं आणि तुम्ही परत स्टार्टर मारलात, तर साध्या पॉलिसीत पैसे मिळण्याची आशा सोडा.

हप्त्याची गोष्ट

आता खऱ्या मुद्द्याकडे. एका संध्याकाळी भूमकर चौकात पंचवीस मिनिटं न हलता उभ्या असताना वहिनीने तिच्या मोबाइलवरची एक्सेल शीट मला दाखवली.

डिसेंबर २०२२ मध्ये या गाडीचं नवं रूप आलं तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती ६९ लाख २० हजार. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स (कंपनीच्या नावावर घेतलीत तर २० टक्के!). त्यावर इन्शुरन्स आणि बाकीचं. दादाचा आकडा सगळं मिळून ऐंशी लाखांच्या पार गेला. त्यातलं ६० लाखांचं कर्ज, सात वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी. हप्ता महिन्याला साधारण ९६,५०० रुपये. दोन वर्षांत हप्त्यांपोटी २३ लाखांच्या वर गेले. मुद्दल किती उतरलं? साडेतेरा लाख! अजून साडेशेहेचाळीस लाख बाकी.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. आधी अशा मोठ्या पेट्रोल सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के सेस होता, तो एकत्र ४० टक्के झाला. नवी गाडी घेणाऱ्यांची चंगळ. पण ज्याच्याकडे आधीच गाडी आहे त्याचं काय? नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली. एका युज्ड कार डीलरने दादाच्या गाडीचे ५५ लाख सांगितले. कर्ज फेडून हातात उरणार साडेआठ लाख.

"मला गाडीचा राग नाही ग," वहिनी म्हणाली. "पण आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची फाईल किती वर्षं नुसती फिरतेय. काकांचे गुडघे बघितलेस? लिफ्टवाला फ्लॅट बुक करायचा तर बँक विचारते, आधीचे हप्ते किती? की मग गप्प."

काका म्हणजे दादाचे बाबा, माझ्या मावशीचे यजमान. पिंपरीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टूलरूममध्ये. त्यांची चेतक अजून पार्किंगमध्ये उभी आहे, दर रविवारी पुसली जाते. दादाच्या गाडीत ते एकदाच बसले, शोरूमपासून तळ्यातल्या गणपतीपर्यंत. त्यानंतर दोन वर्षं 'मला रिक्षा बरी'. घरात सगळ्यांचा समज, काकांना गाडी आवडत नाही. कर्जाचं पत्र त्यांनी टेबलावर वाचलं होतं म्हणे. तो आकडा त्यांच्या एकतीस वर्षांच्या सगळ्या पगारांपेक्षा मोठा होता.

मी ठरवलं, काकांना एकदा फिरवून आणायचंच.

रविवारी पहाटे पावणेसहाला निघालो. दुसऱ्या मजल्यावरून खाली यायला त्यांना चांगली पाच मिनिटं लागली, कठडा धरून, एकेक पायरी. गाडीची सीट खाली, त्यामुळे बसणं हा दुसरा कार्यक्रम. मावशी खिडकीतून सूचना देतेय, "आधी बसा, मग पाय आत घ्या!" बसले एकदाचे. किवळ्याला एक्स्प्रेस वेला लागेपर्यंत एक शब्द नाही.

उर्सेच्या टोलनाक्याचा दांडा वर गेला. पुढे तिन्ही लेन मोकळ्या. मी काकांकडे बघितलं. ते समोर बघत होते. मी पाय दाबला.

शंभरला सोडून दिला. त्याच्या पुढे कॅमेरे आहेत, आणि खरं सांगायचं तर २५० पर्यंत जाऊ शकणाऱ्या गाडीची सगळी मजा आपल्याकडे त्या पहिल्या साडेचार सेकंदांतच संपते. त्यानंतर तुम्ही आणि शेजारचा वॅगनआरवाला एकाच वेगाने लोणावळ्याला जाता.

थोडा वेळ काका गप्प. मग म्हणाले, "परत एकदा करता येईल का?"

लोणावळ्यात चहाला थांबलो तर त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. आत सगळं काळ्या प्लास्टिकने झाकलेलं. काकांचा चेहरा पडला. मग त्यांनी मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि कव्हरवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. "सहा सिलिंडर एका ओळीत आहेत ना, म्हणून हे असं," ते म्हणाले. "पिस्टन जोडीजोडीने वर-खाली होतात. पहिला आणि सहावा बरोबर, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. चार सिलिंडरला हे पूर्ण जमत नाही, त्याला जास्तीचे बॅलन्सिंग शाफ्ट लावावे लागतात." मग दाराच्या फटीवरून वरपासून खालपर्यंत नख फिरवलं. "एकसारखी आहे. काम चांगलं केलंय पोरांनी." त्या पोरांत त्यांनी म्युनिकवाले धरले का चेन्नईवाले, कोण जाणे.

मी विचारलं, "मग दोन वर्षं बसला का नाहीत?"

चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मशीन वाईट आहे असं मी कधी म्हटलं? घेताना त्याने मला विचारलं नाही, एवढंच. मला वाटलं होतं, बॉनेट उघडून दाखवायला तरी बोलवेल."

परत येताना त्यांनी वडापाव बांधून घेतला आणि गाडीतच खाल्ला. चटणीचा एक डाग पडला. (दादा, सॉरी. पुसलाय.)

त्या रात्री म्युनिकहून व्हिडिओ कॉल आला. दादा बीएमडब्ल्यूच्या त्या चार सिलिंडरच्या आकाराच्या टॉवरसमोर उभा. ऑलिंपियाझेंट्रुमला मेट्रोतून उतरून खास बघायला गेला होता. मी सगळं सांगितलं. गाडी भन्नाट आहे, रोज चालवता येते, त्रास गाडीचा नाही, आपल्या रस्त्याचा आणि तुझ्या हप्त्याचा आहे. फुग्याचंही सांगितलं. शेवटी बॉनेटचं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "अ‍ॅव्हरेज किती पडलं?"

"सहा पॉइंट चार."

"माझं पाच पॉइंट नऊ पडतं. तू हळू चालवतेस."

दिवाळीच्या आधी तो परत आला. चावी दिली, टायरच्या बिलातला माझा अर्धा वाटा मी तीन हप्त्यांत देतेय. पाडव्याला गाडीची पूजा झाली, यंदा नारळ काकांनी फोडला. वहिनीने बाणेरला दोन फ्लॅट बघून ठेवलेत, दोन्हींना लिफ्ट आहे. दादा आता आठवड्यातून चार दिवस कंपनीच्या बसने जातो आणि गाडी शुक्रवारी काढतो. डीलरचा माणूस दोनदा येऊन गेला, ५५ वरून ५७ वर आलाय. त्याच्याशी बोलणी काका करतात. बॉनेट उघडून त्याला पिस्टनच्या जोड्या समजावून सांगतात, आणि तो गेला की दादाला बजावतात, साठच्या खाली सोडायची नाही.